गंधर्वगायनाचे वारस

पुण्यांतील एखाद्या नाट्यगृहांत संध्याकाळीं नाट्यसंगीताचा कार्यक्रम असतो. रंगमंचावर ऑर्गन, तबला आणि तानपुऱ्यांची जोडी मांडलेली असते. निवेदक नाटकाचें नांव आणि पदापूर्वींचा प्रसंग चार वाक्यांत सांगतो, ऑर्गनवाला सूर धरतो, आणि गायकानें पहिला शब्द उच्चारण्यापूर्वींच पुढच्या रांगांतून समाधानाचा उद्गार उठतो. पद कोणतें तें साऱ्यांनीं ओळखलेलें असतें. कोणत्या शब्दावर थांबावयाचें, कोणत्या ठिकाणीं हरकत यावयाची, हेंहि ठाऊक असतें. ती जागा गायकाकडून जशीच्या तशी आली कीं टाळी पडते. निसटली तर शेजारच्याकडे पाहून मान किंचित् हलविली जाते. ही टाळी नेमकी कोणाला असते? समोर बसलेल्या गायकाला, कीं १९६७ मध्यें हें जग सोडून गेलेल्या बालगंधर्वांना? प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा वाटतो. परंतु आपल्या सर्वांत लाडक्या गाण्याचा वारसा मराठी समाजानें कसा सांभाळला, याचा इतिहास त्याच्याच आश्रयानें उलगडतो.

दुसऱ्यानें गाजविलेलीं पदें पुन्हां म्हणणें ही संगीत रंगभूमीची मूळचीच रीत आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले, आणि दोन वर्षांनीं 'सौभद्र' आलें. या नाटकांचें संगीत बव्हंशीं लोकांच्या कानांत आधींच मुरलेलें होतें. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनांतलें पद, कर्नाटकांतून आलेली एखादी धून, अशा ओळखीच्या चालींवर अण्णासाहेबांनीं नवे शब्द चढविले. प्रेक्षक पहिल्याच रात्रीं त्या पदांशीं जुन्या परिचिताप्रमाणें बोलूं लागले, याचें एक कारण हेंच होय.

१८८२ मध्यें भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळींत आले. पुढें कित्येक वर्षें सुभद्रा म्हणजे भाऊराव आणि शकुंतला म्हणजेहि भाऊराव, असें समीकरण होऊन बसलें. त्यांचा आवाज उंच, पल्लेदार आणि तानेला चपळ होता. १९०१ मध्यें भाऊराव वारले. हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला तो १९०२ च्या अखेरीस, कलकत्त्यांत. अवघ्या दीड-दोन वर्षांच्या अंतरानें भाऊरावांचा आवाज कायमचा नाहींसा झाला. त्यांना ऐकलेलीं माणसें होतीं तोंवर तो त्यांच्या बोलण्यांत राहिला. तीं माणसें गेल्यावर ग्रंथांतील वर्णनांपुरता उरला. आज कोणी भाऊरावांसारखें गातो असें कोणालाहि म्हणतां येत नाहीं, कारण तसें ठरविण्याचें साधनच मागें राहिलेलें नाहीं.

भाऊरावांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, म्हणजे १९०५ मध्यें, नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा तरुण त्याच मंडळींत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेनें त्याच्या रंगभूमीवरील आयुष्याला सुरुवात झाली. बालपणीं त्याचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्याला 'बालगंधर्व' म्हटलें होतें. नांव मोठें होतें. पण समोर बसलेल्या प्रेक्षकांत भाऊरावांना ऐकलेले अनेक लोक होते. आजच्या गायकाला जी कसोटी द्यावी लागते तीच नारायणरावांनाहि द्यावी लागली. मात्र एक महत्त्वाचा फरक होता. प्रेक्षकांच्या घरीं भाऊरावांची तबकडी नव्हती. नव्या शकुंतलेची तुलना आठवणीशीं होत होती, आणि आठवण कितीहि हट्टी असली तरी ती नव्या आवाजाला थोडी वाट करून देते. दुसरे भाऊराव होण्याच्या ओझ्यांतून नारायणराव लवकर मोकळे झाले. त्यांनीं भाऊरावांची तडफ घेतली नाहीं. आपल्या गळ्याचा गोडवा, शब्दाचा लडिवाळ उच्चार आणि लयीशीं चाललेली हळुवार लपाछपी यांवर त्यांनीं आपलें गाणें उभारलें.

त्यानंतरचीं वर्षें मराठी माणसाला पाठ आहेत. १९११ मध्यें खाडिलकरांचें 'मानापमान', १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, १९१६ मध्यें 'स्वयंवर', १९१९ मध्यें गडकऱ्यांचें 'एकच प्याला'. भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या तीन भूमिकांनीं आठ वर्षांत साऱ्या महाराष्ट्राचे कान घडविले. बालगंधर्वांनीं नेसलेल्या लुगड्याची आणि घातलेल्या अंबाड्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करूं लागल्या. त्यांचीं पदें देवघरापासून माजघरापर्यंत गुणगुणलीं जाऊं लागलीं. त्या काळचें लोकप्रिय गाणें तें हेंच.

या गाण्याच्या मुळाशीं कितीजणांचें देणें आहे, तें पाहण्यासारखें आहे. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं दिल्या. 'स्वयंवरा'चें संगीत भास्करबुवा बखले यांचें. १९११ मध्यें पुण्यांत भारत गायन समाज स्थापणाऱ्या या थोर गवयानें ख्यालाच्या बंदिशींचें वैभव मराठी पदांत आणून ठेविलें. 'एकच प्याला' रंगभूमीवर येण्यापूर्वीं महिनाभर आधीं गडकरी वारले. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं, आणि त्यांच्या कांहीं चाली पुण्याच्या नामवंत गायिका सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. पुढें साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे कसबी होते. बालगंधर्वांनीं अशा रीतीनें पुष्कळांकडून घेतलें. परंतु घेतलेली वस्तु जशीच्या तशी परत केली नाहीं. बंदिशीच्या मूळ चिजेंत शब्द बहुधा स्वरांच्या मागें उभा असतो. बालगंधर्वांच्या पदांत तो पुढें आला. स्वर अर्थाकडे झुकला, आणि त्या झुकण्यांत सिंधूचें दुःख किंवा रुक्मिणीची लाज ऐकूं येऊं लागली. टेंब्यांची चाल टेंब्यांचीच राहिली, बुवांची बंदिश बुवांचीच राहिली. तरीहि पद मात्र गंधर्वांचें झालें.

आतां तबकडीकडे वळूं. बालगंधर्वांच्या आयुष्यांत ध्वनिमुद्रणाचा धंदा भरभराटीस आला, आणि त्यांच्या अनेक पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. रंगभूमीवर तेंच पद किती वेळ चालेल याला कांहीं नियम नव्हता. प्रयोग रात्रभर चालत. एका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्समोअर मिळत, आणि खरी गोडी तेथेंच होती. दुसऱ्या वेळीं म्हटलेलें पद पहिल्या वेळेसारखें नसे. एखादा शब्द निराळ्या अंगानें फिरविला जाई, एखादी जागा लांबविली जाई, एखादी वगळली जाई. प्रेक्षक पुन्हां मागत ते तेंच ऐकण्यासाठीं, आणि तृप्त होत ते निराळें ऐकून. तबकडीनें अशा शेंकडों आविष्कारांतून एक उचलला, त्याला घड्याळाच्या मापानें कापला आणि कायम करून ठेविला. ज्या गांवांत नाटक मंडळीचा मुक्काम कधीं पडला नाहीं त्या गांवांतहि गंधर्वांचा आवाज तिच्यामुळेंच पोहोंचला. तिचे उपकार थोर आहेत. पण त्याच उपकाराच्या पोटीं एक चुकीची समजूत जन्मास आली. तबकडींत आहे तेंच खरें पद आणि त्यावेगळें जें कांहीं तें चूक, असें ऐकणाऱ्यांस हळूहळू वाटूं लागलें.

पुढें दिवस पालटले. १९३१ नंतर बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे तंबू उठूं लागले. पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या १९३५ च्या चित्रपटांत बालगंधर्वांनीं संत एकनाथांची भूमिका केली. परंतु पडद्याशीं त्यांचें मन रमलें नाहीं आणि ते पुन्हां रंगभूमीवर आले. वय वाढलें, पुढें पायांची शक्ति गेली, तरी ते बैठकींत बसून गात राहिले. त्या वृद्ध कंठांतून श्रोते तरुणपणींची भामिनी ऐकूं पाहत. एका अर्थानें आपल्याच पदांच्या स्मरणगायनाचा पहिला मानकरी स्वतः बालगंधर्वच ठरले. आवाज थकलेला होता, पण शब्दावरचा जीव थकला नव्हता. आणि ज्यांनीं तबकडीचा हिशोब बाजूला ठेवून तें गाणें ऐकलें त्यांना त्यांत खरा गंधर्व भेटला.

त्यांच्या हयातींतच वारसांचा प्रश्न उभा राहिला होता. त्याला पुण्याच्या परिसरांत तीन निरनिराळीं उत्तरें मिळालेलीं दिसतात.

पहिलें उत्तर शिलेदार कुटुंबाचें. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनीं १९४९ मध्यें 'मराठी रंगभूमि' ही संस्था स्थापन केली आणि ओहोटीच्या काळांत जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग नेटानें चालू ठेविले. त्यांच्या कन्या कीर्ति आणि लता याहि त्याच रंगभूमीवर वाढल्या. जयमालाबाईंच्या आणि पुढें कीर्तिबाईंच्या गायनांत गंधर्वगायकीचा ठसा उघड होता. पण या कुटुंबाचें वैशिष्ट्य गळ्यापुरतें नव्हतें. त्यांनीं पद त्याच्या घरांतून बाहेर काढलें नाहीं. संगीत नाटकांत पद हें संवादाच्या पोटांतून उगवतें. सिंधूच्या तोंडचें वाक्य पुरें होतां होतां सूर लागतो, आणि पद संपल्यावर ती पुन्हां आपल्या संसाराच्या दुःखांत परत जाते. निवेदकाच्या चार वाक्यांनीं ही वाट भरून निघत नाहीं. जयमालाबाई २०१३ मध्यें आणि कीर्तिबाई २०२२ मध्यें निवर्तल्या. पूर्ण नाटकांतून गंधर्वांचीं पदें ऐकविणारी एक मोठी परंपरा त्यांच्याबरोबर क्षीण झाली, ही हानि लहान नाहीं.

दुसरें उत्तर कुमार गंधर्वांचें, आणि तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. बेळगांवकडील शिवपुत्र कोमकळी हा मुलगा लहानपणीं थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचें गाणें हुबेहूब म्हणून दाखवी, आणि त्या अद्भुत नकलेपायींच त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. त्याच्याइतकी अचूक नक्कल क्वचितच कोणाला साधली असेल. पुढें मुंबईस प्रा. देवधरांच्या हाताखालीं तो शिकला, क्षयाच्या दुखण्यानें कित्येक वर्षें देवासला मुका राहिला, आणि त्या मौनानंतर स्वतःचें गाणें घेऊन उठला. अशा या गवयानें प्रौढ वयांत बालगंधर्वांचीं पदें मांडलीं तेव्हां कार्यक्रमाला नांव दिलें, 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नांवांतील दुसरा शब्द फार तोलून वापरलेला आहे. ज्याला हुबेहूब गातां आलें असतें त्यानेंच तो मार्ग सोडला. आपल्याला जें उमजलें तेवढेंच आपलें, आणि तेंच लोकांपुढें ठेवावयाचें, अशी ही प्रतिज्ञा होती. तीं पदें ऐकतांना गळा कुमारांचाच ओळखूं येतो. मात्र बालगंधर्वांचें मर्म कोठें होतें तें कळतें.

तिसरें उत्तर पुण्याचेच गायक आनंद भाटे यांचें. १९७१ मध्यें जन्मलेल्या या गायकानें बालवयांतच गंधर्वांचीं पदें अशीं म्हटलीं कीं लोकांनीं त्याला 'आनंद गंधर्व' म्हटलें. बालगंधर्वांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाच्या कंठांत तो गोडवा ऐकून जुनीं माणसें हेलावलीं. पुढें भाटे यांनीं पंडित भीमसेन जोशी यांच्याकडे तालीम घेतली आणि ख्यालगायनांत आपली वाट धरली. २०११ मध्यें 'बालगंधर्व' हा चित्रपट आला. त्यांत नायकाचें काम सुबोध भावे यांनीं केलें आणि गायन आनंद भाटे यांचें होतें; त्या गायनाबद्दल भाटे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाची गरज आणि मैफलीची गरज यांत भेद आहे. पडद्यावर प्रेक्षकाला समोरचा माणूस बालगंधर्वच आहे असा विश्वास वाटला पाहिजे. तेथें साम्य हाच धर्म. मैफलींत मात्र गायक स्वतःच्या नांवानें, पुरुषाच्या वेषांत, स्वतःच्या वयासह बसलेला असतो. तेथें साम्यानें ओळख पटते, आणि ओळख पटल्यानंतरचें काम गायकाच्या स्वतःच्या तालमीनेंच करावें लागतें.

या तिन्हींकडे पाहतां नकलेला सरसकट नांवें ठेवणें योग्य होणार नाहीं. आपल्या संगीताचें सारें शिक्षणच अनुकरणानें सुरू होतें. शिष्य वर्षानुवर्षें गुरूच्या मागून तेच स्वर, तीच फिरत घोटतो. गुरूची खोकण्याची लकबसुद्धां कधीं कधीं त्याच्या गाण्यांत उतरते. घराण्यांची परंपरा याच वाटेनें टिकली. पण समोर बसलेला गुरु आज एक सांगतो आणि उद्यां तेंच निराळें करून दाखवितो. तबकडी रोज तेंच सांगते. तबकडीच्या शिष्याला हें दुसरें शिक्षण मिळत नाहीं; तें त्याला अन्यत्र, एखाद्या जिवंत गुरूकडून, मिळवावें लागतें. कुमार गंधर्व आणि आनंद भाटे हे दोघेहि बालपणींच्या नकलेवर थांबले नाहींत, पुढें गुरूच्या पायांशीं बसले, हा योगायोग समजूं नये.

श्रोत्यांच्या स्मृतीचा एक खेळ येथें नोंदला पाहिजे, आणि त्याचें उदाहरण आकाशवाणीच्या इतिहासांतलेंच आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' वर्षभर प्रसारित झालें. त्यांतील छप्पन गीतें प्रथम निरनिराळ्या गायकांनीं म्हटलीं होतीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक हीं त्यांतलीं कांहीं नांवें. नंतर फडके यांनीं सर्व गीतें एकट्यानें जाहीर कार्यक्रमांतून गावयास आरंभ केला, आणि लोकांच्या कानांत तोच आवाज मूळचा म्हणून ठसला. २००२ मध्यें ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव श्रीधर फडके तीं गीतें गातात, तेव्हां श्रोते त्यांची तुलना वडिलांशीं करतात. पहिल्या गायकांशीं तुलना करण्याचें फार थोड्यांना सुचतें. श्रोता ज्याला मूळ म्हणतो तें पुष्कळदां त्यानें स्वतः ऐकलेलें पहिलें गाणें असतें.

बालगंधर्वांच्या बाबतींत ही गोष्ट आतां निर्णायक होऊन बसली आहे. ऐन बहरांतली भामिनी पाहिलेलें कोणी आतां उरलें नाहीं. ऑर्गनचा सूर लागतांच ज्यांचे डोळे भरून येत ते आजोबा-आजीबाई पुढच्या रांगांतून कायमचे उठून गेले. भाऊरावांची आठवण सांगणारे जसे एकेक करून संपले तसेच हेहि संपले. मागें तबकडी राहिली आहे, आणि तिच्यापुढें तीं पदें म्हणणारे गायक आहेत. तबकडीशीं जुळलें तर टाळी आणि न जुळलें तर नापसंती, एवढाच न्याय श्रोत्यांनीं ठेविला, तर साडेतीन मिनिटांचा तो एकच तुकडा अधिकाधिक गुळगुळीत होत जाईल आणि वन्समोअरला नवें रूप घेणारें गाणें विसरलें जाईल.

जंगली महाराज रस्त्यावर जें बालगंधर्व रंगमंदिर उभें आहे त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यांत आली. रंगमंदिराचें उद्घाटन २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनीं झालें; पण १५ जुलै १९६७ रोजींच ते निवर्तले होते. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनीं या वास्तूसाठीं त्यांचीं दोन चित्रें रंगविलीं, एक पुरुषवेषांतलें आणि दुसरें स्त्रीभूमिकेंतलें. त्यांच्या नांवाच्या या घरांत त्यांचीं पदें पुन्हां पुन्हां गाइलीं गेलीं आहेत, आणि आईवडिलांचें बोट धरून आलेलीं मुलें तीं येथें पहिल्यानेंच ऐकतात. त्या मुलांपाशीं आठवण नाहीं, घरीं जुनी तबकडीहि नाहीं. गंधर्व म्हणजे काय, तें त्यांना समोरच्या गायकाच्या तोंडून कळणार आहे. हा गायक जें गाईल तेंच त्यांचें मूळ ठरेल; म्हणून बालगंधर्वांनीं भाऊरावांच्या शकुंतलेशीं जें धैर्य दाखविलें, तें थोडेंबहुत त्यानेंहि दाखविलें पाहिजे. आणि तो तसें करूं लागला म्हणजे पुढच्या रांगांनीं मान हलविण्यापूर्वीं तें पद शेवटपर्यंत ऐकून घेतलें पाहिजे.